उलांडीला मी कुबडी म्हणायचो

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या काकांची उलांडीची होडी मी जाळायला लावली.

1994 सालची गोष्ट. कर्ली खाडीच्या काठाला, देवबागपासून जवळच, आमचं मूळ घर आहे. काका जाऊन वर्ष झालं होतं, घराची डागडुजी काढली होती आणि मागच्या मांगरात त्यांची आंब्याच्या लाकडाची होडी पालथी पडली होती. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, वाळवी लागलेली. वर तुळईला उलांडी टांगलेली. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकांशी, होडीला समांतर बांधलेला तरंगता ओंडका. गड्याने विचारलं, "ह्येचा काय करूया?" मी म्हणालो, न्हाणीच्या चुलीला लाव. त्या पावसाळ्यात आमच्या आंघोळीचं पाणी काकांच्या होडीवर तापलं. उलांडी पांगाऱ्याची होती, ती मात्र नीट पेटेना. नुसती धुमसायची. बायको वैतागून म्हणाली, "अहो, हे कसलं लाकूड दिलंत?"

मी यंत्र अभियंता. पुण्याच्या कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप करण्याचा मला पगार मिळायचा. त्या होडीला मात्र मी साधी टेपही लावली नाही.

लावावीशी वाटली नाही, कारण त्या वस्तूबद्दल माझं मत पक्कं झालेलं होतं. मी शीड हाकायला शिकलो मुंबईत, एंटरप्राइज जातीच्या डिंगीवर. दोघं जण वाऱ्याच्या बाजूला अंग बाहेर टाकून बसतात, खालची फळी पाण्यात सोडलेली असते आणि होडी स्वतःच्या आकारावर आणि तुमच्या वजनावर तोल सांभाळते. ते एकदा अंगात भिनलं की ओंडका बांधून फिरणारी होडी गावंढळ वाटायला लागते. मित्रमंडळींच्या एका बैठकीत मी ऐटीत म्हणालोही होतो, की ज्याला धड होडी बांधता येत नाही, तो तिला कुबडी लावतो. मंडळी हसली. मलाही ते वाक्य आवडलं होतं, आणि पुढे बरीच वर्षं मी ते ठिकठिकाणी वापरलं.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा मनात एक यादी होती. होडी लहान हवी, पण सगळ्या कामांची. शिडावर चालावी, वारा पडला तर वल्ह्यावर. दोघं मोठी माणसं आणि एक नात बसावी. गळ टाकून मासे धरता यावेत. एकट्याला वाळूवरून ओढता यावी आणि वेळ पडली तर गाडीच्या टपावर चढावी. संगणकावर आराखडा केला. तोल हवा म्हणून पोट रुंद केलं: लांबी साडेचार मीटर, रुंदी दीड मीटर. चित्रात ती फार देखणी दिसायची.

शेजारी एक वृद्ध नाखवा राहतात. मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे माझ्या पदवीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. होडी पूर्ण होत आली तेव्हा ते मांगरात आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही होडी काय, की पेटारो?"

पेटाराच होता तो. चार माणसांशिवाय हलेना. गाडीच्या टपाचा तर विचारही नको. वल्ह्यावर चालवायची म्हणजे विहीर उपसण्यासारखं. शिडावर बरी जायची, पण एका वेगानंतर पुढे सरकायचीच नाही. स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसून राहायची. हे होणारच होतं. साधारण साडेचार-पाच मीटरच्या रुंद, जड होडीला पाच नॉटच्या आसपास ही भिंत लागते, कारण रुंद पोट पाणी बाजूला सारताना मोठी लाट उभी करतं आणि ती लाट ओलांडायला दुप्पट वाराही पुरत नाही. पुस्तकात वाचलेलं होतं. आपल्या होडीला ते लागू पडणार नाही असं कुठेतरी वाटत असावं. ती होडी आता एका न्याहारी-निवासवाल्याच्या अंगणात आहे. तिच्यात त्याने मोगरा लावलाय.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, दुसरं काही सुचेना म्हणून, मी उलांडीचा हिशेब मांडला. माघार घेतोय असं वाटत होतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

हिशेब असा. समजा होडी 16 फुटांची, पण पाण्यापाशी रुंदी फक्त 42 सेंटिमीटर. लांबी रुंदीच्या साडेअकरापट. अशी होडी पाणी कापत जाते, लाट जवळजवळ उठवत नाही, आणि ती पाच नॉटची भिंत तिला जाणवतही नाही. अर्थात एकटी सोडली तर ती क्षणात उलंडेल. आता तिच्यापासून 1.8 मीटरवर एक पोकळ उलांडी बांधा: वजन 9 किलो, पोटात हवा 70 लिटर. वारा उलांडीच्या बाजूने आला तर तिचं वजन होडीला खाली धरतं: 9 गुणिले 1.8, त्यात दांड्यांचं वजन, मिळून सुमारे 23 किलोग्रॅम-मीटर. वारा उलट बाजूने आला आणि उलांडी पाण्यात दाबली जायला लागली, तर पाणी तिला वर लोटतं. 70 वजा 9, म्हणजे 61 किलो, गुणिले 1.8. दांड्यांचं वजा करून शंभराच्या घरात.

शीड सहा चौरस मीटरचं. दहा नॉटच्या वाऱ्यात ते साधारण 11 किलोने ढकलतं, पाण्यापासून दोन-सव्वादोन मीटर उंचीवर. म्हणजे उलथवणारा जोर सुमारे 25. आणि उलांडीचं वजन एकटंच 23 सांभाळतंय! बाकीचं काम मी अर्धा हात सरकून बसलो तरी होतं. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो हे खरं. तेव्हा शीड लहान करायचं किंवा दांडीवर जाऊन बसायचं. पण नऊ किलोची एक पोकळ नळी, केवळ दूर आहे म्हणून, एवढं काम करते?

त्या रात्री मी तो कागद तीनदा तपासला. मी तोल शोधत होतो होडीच्या पोटात, आणि तो होता बाहेर, रिकाम्या जागेत. होडी आणि उलांडी यांच्यामधल्या त्या पावणेदोन मीटरमध्ये, जिथे काहीच नाही. रुंद होडीने जे काम दीडशे किलो लाकडाने केलं असतं, ते इथे अंतर करत होतं, आणि अंतराला वजन नसतं. कुबडी म्हणणारा मी तरफेचा नियम शाळेत शिकलो होतो. मोरीतला दगड पहारीने हलवताना वापरलाही होता.

होडी बांधली तांब्याच्या तारेने शिवून. सहा मिलिमीटरचं मरीन प्लायवूड, कडांना भोकं पाडून तारेचे टाके, मग सांध्यात आतून इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरायचा, वरून काचकापडाची पट्टी. दुकानदाराने पाठवलेल्या पहिल्या खेपेतला एक तुकडा बायकोच्या जुन्या पातेल्यात दिवसभर उकळला, तर थर सुटून वर आले. ती खेप परत गेली, पातेलंही गेलं. दुसरी खेप चांगली निघाली, शिक्का मात्र दोन्हींवर तोच होता: आयएस 710. तुम्ही कधी या वाटेला गेलात तर शिक्क्यावर विसंबू नका, उकळून बघा.

शिवलेली होडी ही परदेशी पुस्तकातली नवी युक्ती आहे अशी माझी समजूत होती. गॅरी डिअर्किंग यांचं उलांडीच्या शिडाच्या होड्या बांधण्यावरचं 2007 चं पुस्तक माझ्याजवळ आहे, फार उपयोगी आहे, त्यातूनच मी धीर घेतला. पण फळ्यांना भोकं पाडून काथ्याने शिवायची होडी तर आपल्या किनाऱ्यावरची, गोव्यात अगदी अलीकडेपर्यंत दिसणारी. 2025 च्या मे महिन्यात नौदलाने कारवारला कौंडिण्य हे शिवलेलं जहाज दाखल करून घेतलं, अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलं, त्याची बातमी वाचताना मी तारेच्या टाक्यांनी सोललेल्या बोटांकडे बघत होतो.

एक चूक आणखी केली. जुलैत इपॉक्सीचा हात मारला. कोकणातल्या जुलैत हवेत इतकं पाणी असतं की इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय धरते. तिच्यावर दुसरा हात मारला तर तो धरत नाही. कांद्याच्या सालीसारखा निघतो. तसा तो निघाला. साध्या पाण्याने आणि काथ्याच्या चोथ्याने घासून साय काढायची, मग पॉलिशपेपर, मग पुढचा हात, एवढं साधं होतं ते. मी मात्र दोन आठवडे दोष मिश्रणाच्या मापात शोधत बसलो.

आता बोल्टांबद्दल. उलांडी मान्य केली तरी माझा अहंकार पुरता गेला नव्हता. दांड्या मी ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या केल्या आणि होडीला स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी आवळल्या, टॉर्क रेंचने, मोजून. खाडीत दोन महिने सुरेख चालली. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचं, दुपारी समुद्रावरचा वारा सुरू झाला की परत. मग एकदा ओहोटीच्या वेळी, मुखाशी, जिथे खाडीचं बाहेर पडणारं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे गेलो. जायला नको होतं. एक लाट होडीखालून गेली आणि दुसरी उलांडीखाली आली. होडी एकीकडे वळली, उलांडी दुसरीकडे. पुढच्या दांडीच्या बोल्टापाशी सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. बरोबर भाचा होता. दोघांनी जीवरक्षक जाकिटं घातली होती, पोहता येत होतं, आणि एका मच्छीमाराने अर्ध्या तासात ओढून आणलं. घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.

नाखवा दुसऱ्या दिवशी आले. तुटलेल्या जागेला बोट लावून बघितलं. "तू ह्यां घट्ट केलंस, म्हणान मोडलां. दोरयेन बांध. हलूंदे तेका."

अभियंत्याच्या कानाला हे वाक्य कसं लागतं, ते समजून घ्या. आयुष्यभर सैल सांध्याला मी दोष म्हणत आलो. पण फुटलेली नळी हातात होती, आणि तडा बरोबर बोल्टाच्या भोकातून निघाला होता. दोन तरंगत्या वस्तू दोन वेगवेगळ्या लाटांवर आहेत. त्या वेगवेगळ्या हलणारच. बोल्ट ते हलणं नाकारतो आणि सगळा जोर एका भोकाच्या काठावर आणतो. दोरीचे दहा-बारा वेढे तोच जोर वाटून घेतात, प्रत्येक वेढा थोडा ताणतो, पुन्हा पूर्ववत होतो. प्रशांत महासागरातली मंडळी हे कधीपासून करत आली आहेत. 1976 साली होकुलेआ ही जोड-होडी हवाईहून ताहितीला गेली, जवळजवळ चार हजार किलोमीटर. मायक्रोनेशियातले माऊ पियाइलुग उपकरणांशिवाय, ताऱ्यांवर आणि लाटांवर तिला घेऊन गेले, आणि तिची दोन्ही अंगं दोरीनेच बांधलेली होती. आमच्या काकांच्या होडीवरही दोरीच होती. हे आठवलं ते उशिरा: चुलीत घालण्याआधी गड्याने कोयत्याने वेढे तोडले होते, आणि ते तुटता तुटत नव्हते.

नळ्या काढून टाकल्या. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून दांड्या केल्या, किंचित कमानदार, आणि नायलॉनच्या दोरीने बांधल्या. तेव्हापासून काही तुटलेलं नाही. मुखाशी पुन्हा गेलो नाही, हेही खरं.

मत बदललं असं इथे म्हणता आलं असतं. पण माणूस एका टोकावरून निघाला की मध्ये थांबत नाही. मी दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलो. जेम्स हॉर्नेल यांचा 1920 चा भारतीय होड्यांवरचा प्रबंध वाचला, हॅडन आणि हॉर्नेल यांचे ओशनियातल्या होड्यांवरचे खंड चाळले, आणि मला साक्षात्कार झाला की पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे सांगू लागलो. श्रीलंकेतली ओरू किंवा मायक्रोनेशियातली होडी उलांडी नेहमी वाऱ्याच्या बाजूलाच ठेवते. दिशा बदलायची तर नाळ न फिरवता शीडच एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नेते आणि पुढचं टोक मागचं होतं. कल्पना इतकी सुंदर आहे की मी माझी होडीही तशीच करायची ठरवलं. एक अख्खा हंगाम घालवला. खुल्या समुद्रात तासन् तास एकाच दिशेने जाणाऱ्यांना ती पद्धत साजते. आमच्या खाडीत दर थोड्या वेळाने काठ येतो, आणि दर काठाला साठीतल्या माणसाने शीड, परबाण म्हणजे शिडाची काठी, सगळं उचलून पंधरा फूट धावायचं! त्यात एकदा वारा उलट बाजूने शिडात शिरला, डोलकाठी मागे आडवी झाली आणि माझ्या खांद्याला चाटून गेली. ते प्रकरण तिथेच संपवलं. आता उलांडी डाव्या अंगाला कायमची, नाळ फिरवूनच वळतो, सुकाणूऐवजी मागे वल्हं आणि बाजूला पाण्यात सोडायची एक फळी.

पूर्वजभक्ती उतरवली ती मात्र नाखव्यांनी. मी पांगाऱ्याचं लाकूड शोधत होतो, अस्सल उलांडी करावी म्हणून. ते म्हणाले, "पांगारो खंय गावतलो आता? थर्माकोल घाल नि वरसून फायबर मार. माझो झील तसांच करता." मी त्यांना अंतर, तरफ, सगळं समजावून सांगितलं, तुमच्या वाडवडिलांना हे गणित कळलं होतं म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवढो झाडाचो घेर, तेवढीच होडी रुंद. मगे उलांडी बांधूक नको?"

या एका प्रश्नाने माझ्या दोन्ही मतांची एकदमच वाट लागली. नुसती कोरून काढलेली होडी बुंध्यापेक्षा रुंद होऊच शकत नाही. जाड आंबा मिळाला तर बरं, नाहीतर आहे तेवढ्यात भागवायचं, आणि बाजूला काहीतरी तरंगतं बांधायचं. ते अडाणीपणाचं लक्षण नव्हतं, आणि दैवी ज्ञानही नव्हतं. हाताशी असलेल्या झाडातून काढलेली वाट होती. नाखव्यांचा मुलगा आज इंजिनाच्या फायबर होडीने मासेमारीला जातो, कारण त्याला ती परवडते आणि मासे आता लांब गेलेत. त्याने उलांडीला चिकटून राहावं असं मला वाटण्याचं काही कारण नाही. मला ती हवी आहे कारण माझ्याजवळ माणसं कमी आहेत, पाठ दुखते, आणि घाई नाही.

होडी आज अशी आहे. मुख्य अंग 48 किलो, उलांडी 9, दोन दांड्या मिळून 8. दोऱ्या सोडल्या की वीस मिनिटांत सगळे भाग सुटे होतात. मुख्य अंग मी आणि बायको मिळून टपावर चढवतो. उलांडी मी एका खांद्यावर नेतो. शीड घरी ठेवलं तर ती वल्ह्याची होडी होते, खारफुटीतल्या अरुंद वाटांतून नात पुढे बसून बगळे मोजते. दोन दांड्यांवर बांबूची तट्टी टाकली की जाळी, डबा, छत्री ठेवायला जागा होते. यादीतल्या बहुतेक गोष्टी जमल्या. गळाला मासे अजून लागत नाहीत, त्याचा दोष होडीचा नाही. उलांडीच्या आत मी थर्माकोलच भरलाय, प्लायवूडला कुठे भोक पडलंच तर ती बुडू नये म्हणून. नाखव्यांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त तंबाखूची डबी पुढे केली.

कुबडीचं ते वाक्य ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ऐकलं, त्यांनी ते विसरावं.

आणि एक विनंती. तुमच्या गावात, मांगरात, माडाखाली, देवळामागे अशी जुनी उलांडीची होडी पडलेली असेल, तर ती जतन करा असं मी सांगत नाही; कुणाला ते जमतं, कुणाला नाही. पण सरपणात जाण्याआधी तिला टेप लावा. लांबी, मधली रुंदी, उलांडीची लांबी आणि जाडी, दांड्या नाळेपासून किती अंतरावर बांधल्यात, दोरीला किती वेढे आहेत, लाकूड कोणतं. आणि सगळ्यात आधी होडीपासून उलांडीपर्यंतचं अंतर, कारण एकदा दोऱ्या सुटल्या की ते कुठेच उरत नाही. कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलंत तरी चालेल. आमच्या काकांच्या होडीचं माझ्याजवळ एकच माप आहे: मांगर 22 फुटांचा आहे, आणि ती त्यात मावायची.